वॉशिंग्टन आडनाव आलं कुठून आणि गेलं कुठं

इंग्लंडच्या ईशान्य भागात, न्यूकॅसल आणि डरहॅम यांच्या मधल्या पट्ट्यात वॉशिंग्टन नावाचं एक गाव आहे. जवळून वेअर नदी वाहते. एके काळी आजूबाजूला कोळशाच्या खाणी होत्या. १९६४ मध्ये सरकारनं त्या परिसरात नवं शहर वसवायचं ठरवलं आणि आता तो सगळा भाग संडरलंड महापालिकेत मोडतो. अमेरिकेची राजधानी, पॅसिफिक किनाऱ्यावरचं एक अख्खं राज्य आणि कितीतरी रस्ते, शाळा, पूल या गावाचं नाव मिरवतात. पण गावाचं नाव काही थेट राजधानीला गेलेलं नाही. मधे एक आडनाव आहे, आणि त्या आडनावाची वाट भलतीच वाकडीतिकडी आहे.

आडनाव म्हणजे रक्ताची खूण, असं आपण धरून चालतो. वॉशिंग्टन हे आडनाव मात्र बराचसा काळ जमिनीच्या आणि कागदाच्या मागून चालत गेलं. ज्याच्याकडे जमीन त्याचं नाव, आणि ज्याचं नाव वहीत त्याचा इतिहास. शेवटी तर ते अशा लोकांकडे गेलं, ज्यांना कायद्यानं आडनावच नव्हतं.

एकाच नावाची माणसं

इंग्लंडमध्ये आडनाव तसं उशिरा आलं. अँग्लो-सॅक्सन काळात माणसाला एकच नाव पुरायचं: गॉडविन, एडिथ, आल्फ्रेड, वुल्फस्टन. दोन शब्द जोडून नाव बनवायची पद्धत असल्यामुळे नावांची चणचण नव्हती. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमनं इंग्लंड जिंकलं आणि पुढच्या शे-दीडशे वर्षांत ही जुनी नावं मागं पडली. राज्यकर्त्यांच्या घरातली नावं आपल्याही पोरांना ठेवायची हौस सगळीकडे असते. विल्यम, रॉबर्ट, रिचर्ड, जॉन अशा मोजक्या नावांवर सगळा देश आला.

मग एका गावात चार विल्यम झाले. त्यातला कुठला? लोहारकाम करणारा तो स्मिथ, जॉनचा मुलगा तो जॉन्सन, बुटका तो शॉर्ट, आणि अमक्या गावचा तो त्या गावाच्या नावाचा. इंग्रजी आडनावांच्या चार मोठ्या जाती अशा तयार झाल्या: धंदा, बाप, अंगाची किंवा स्वभावाची ठेवण, आणि ठिकाण.

ही जोडनावं सुरुवातीला त्या माणसापुरतीच असायची. लोहाराचा मुलगा खाटीक झाला तर तो बुचर व्हायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. एकाच घराला एकच नाव पिढ्यान्‌पिढ्या चिकटायला साधारण तेरावं-चौदावं शतक उजाडलं. उत्तरेकडे आणखी उशीर लागला. बापाची जमीन आपल्याला मिळायला हवी असेल, तर आपण त्याच घरातले आहोत हे नावावरून दिसलेलं बरं, हे त्याचं एक कारण. दुसरं कारण कर. १३७७, १३७९ आणि १३८१ अशी तीन वेळा राजानं डोईपट्टी बसवली. पहिल्या खेपेला चौदा वर्षांवरच्या जवळजवळ प्रत्येकाकडून चार पेन्स घेतले. पैसे कुणी दिले नि कुणी बुडवले हे टिपायचं तर कारकुनाला नुसतं ‘विल्यम’ लिहून भागणार नव्हतं. १५३८ मध्ये आठव्या हेन्रीचा मंत्री थॉमस क्रॉमवेल यानं प्रत्येक चर्चनं आपल्या हद्दीतले बाप्तिस्मे, लग्नं आणि दफनं वहीत नोंदवावीत असा हुकूम काढला. तोवर बहुतेकांची आडनावं ठरून गेली होती. स्पेलिंगं मात्र पुढं कितीतरी वर्षं लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहिली.

चार पौंड आणि चार शिकारी कुत्रे

आता मूळ वॉशिंग्टनकडे वळू. डरहॅमचा मुलूख बिशपच्या ताब्यात होता. तिथला बिशप नुसता धर्मगुरू नव्हता. कर गोळा करणं, न्यायनिवाडा, वेळ पडली तर स्कॉट लोकांविरुद्ध फौज उभी करणं हे सगळं त्याच्याकडे असे. १०८६ साली विल्यम राजानं देशभरच्या जमिनीची जी प्रसिद्ध मोजणी केली, त्या डूम्सडे बुकात डरहॅमचा हा मुलूख येत नाही. जवळजवळ शंभर वर्षांनी, ११८३ मध्ये, बिशप ह्यू द प्युइझे यानं आपल्या गावांची, कुळांची आणि येणं असलेल्या वसुलीची यादी करून घेतली. तिला बॉल्डन बुक म्हणतात.

त्या यादीत एक छोटी नोंद आहे. विल्यम द हर्टबर्न नावाच्या सरदाराकडे वेसिंग्टन, म्हणजेच वॉशिंग्टन, गाव आहे. चर्च आणि चर्चची जमीन तेवढी त्यातून वगळलेली. हे गाव त्याला हर्टबर्नच्या बदल्यात मिळालं. तो चार पौंड भरतो. आणि बिशप मोठ्या शिकारीला निघाला की हा चार ग्रेहाउंड घेऊन हजर राहतो.

हर्टबर्न म्हणजे आजच्या स्टॉकटनजवळचं गाव. तिथली जमीन सोडून विल्यमनं वेसिंग्टन घेतलं, आणि जमिनीबरोबर त्याचं नावही बदललं. ‘द’ हा फ्रेंच शब्द, अर्थ साधा ‘चा’. हर्टबर्नचा विल्यम होता तो वेसिंग्टनचा विल्यम झाला. या माणसाच्या आयुष्यात आडनाव अजून आडनाव झालेलं नव्हतं. ते सात-बाऱ्यावरचं गाव होतं. ही अदलाबदल झाली नसती तर अमेरिकेची राजधानी आज हर्टबर्न असती, असं इंग्लंडातली मंडळी गमतीनं म्हणतात. म्हणू द्यावं, तर्क सरळ आहे.

गावाचं नाव मात्र विल्यमच्या कितीतरी आधीचं, अँग्लो-सॅक्सन. शेवटचं ‘टन’ म्हणजे जुन्या इंग्रजीतलं ‘टून’, कुंपण घातलेली वाडी किंवा वस्ती. मधलं ‘इंग’ एखाद्या माणसाशी किंवा त्याच्या लोकांशी नातं सांगतं. सुरुवातीला वासा किंवा ह्वासा नावाचा कुणीतरी इसम आहे. थोडक्यात, वासाच्या माणसांची वाडी. कपडे धुण्याशी काही संबंध नाही. दक्षिणेत ससेक्समध्येही एक वॉशिंग्टन आहे आणि ते डूम्सडे बुकात नोंदलेलंही आहे. पण आपल्या गोष्टीतलं गाव ते नव्हे.

विल्यमच्या वंशजांनी दोनशे वर्षांहून थोडा जास्त काळ हे गाव सांभाळलं. साधारण १४०० च्या सुमारास घरात मुलगा उरला नाही. एलेनॉर वॉशिंग्टन ही वारस. तिचं लग्न टेम्पेस्ट घराण्यातल्या सर विल्यमशी झालं आणि जमीन त्या घरात गेली. म्हणजे वॉशिंग्टन गावात वॉशिंग्टन नावाचे जमीनदार उरलेच नाहीत.

आणि नेमकं तेव्हापासून हे खरंखुरं आडनाव झालं. यात आपल्याला नवल वाटू नये. पेडण्यात राहणाऱ्याला पेडण्यातलं कुणी पेडणेकर म्हणत नाही. तो घाट चढून किंवा बोटीत बसून दुसरीकडे गेला की तिथले लोक त्याच्यामागं ‘कर’ लावतात, आणि पुढं चार पिढ्या पेडणं न पाहताही पेडणेकर राहतात. वॉशिंग्टन मंडळींचं तसंच झालं. धाकट्या पात्या आधीच पश्चिमेला वेस्टमोरलंड आणि लँकेशरकडे सरकल्या होत्या. तिथं त्यांची जमीन वेगळी, शेजारी वेगळे, पण नाव मागच्या गावाचं. लँकेशरमधल्या वॉर्टन गावच्या चर्चवर त्यांचं कुलचिन्ह कोरलेलं आहे: पांढऱ्या ढालीवर दोन आडवे तांबडे पट्टे आणि वर तीन तांबड्या चांदण्या. दर ४ जुलैला त्या चर्चच्या मनोऱ्यावर अमेरिकेचा झेंडा चढवतात.

एक सावधगिरी इथंच सांगायला हवी. गावावरून पडलेलं आडनाव जमीनदारालाच मिळतं असं नाही. त्याच वाडीतून उठून यॉर्कला पोट भरायला गेलेला साधा मजूरही तिथं वॉशिंग्टनच म्हणवला जाणार. त्यामुळं जुन्या इंग्लिश कागदांत वॉशिंग्टन दिसला की तो विल्यमच्याच वंशातला, असं मानून चालत नाही. हौशी वंशावळी इथंच घसरतात.

लोकर, मठाची जमीन आणि एक बदनाम पाद्री

वॉर्टनच्या शाखेतला लॉरेन्स वॉशिंग्टन सोळाव्या शतकात दक्षिणेला नॉर्थँप्टनला आला आणि लोकरीच्या व्यापारात शिरला. तेव्हा इंग्लंडात पैसा होता तो लोकरीतच. १५३२ मध्ये तो शहराचा मेयर झाला आणि १५४५ मध्ये पुन्हा. या दोन सालांच्या मधे त्याचं नशीब उघडलं. आठव्या हेन्रीनं पोपशी फारकत घेऊन देशातले मठ मोडीत काढले आणि त्यांच्या जमिनी विकायला काढल्या. १५३९ मध्ये लॉरेन्सनं सल्ग्रेव्ह गावातली मठाची जमीन राजाकडून ३२४ पौंड १४ शिलिंग १० पेन्सला घेतली. तिथं त्यानं घर बांधलं. ते सल्ग्रेव्ह मॅनर अजून उभं आहे. दुसरी बायको एमी पार्जिटर, अकरा मुलं, दारावर तेच पट्टे नि त्याच चांदण्या. घराणं वर आलं ते असं, धर्माच्या उलथापालथीतला सौदा साधून.

ते टिकलं नाही. सतराव्या शतकाच्या सुरुवातीलाच सल्ग्रेव्ह विकावं लागलं. लॉरेन्सच्या नातवाचा एक मुलगा, त्याचंही नाव लॉरेन्सच, ऑक्सफर्डला ब्रेझनोज कॉलेजात फेलो झाला आणि १६३३ मध्ये एसेक्समधल्या पर्ली गावचा पाद्री. पोटापाण्याची सोय झाली म्हणायची. पण १६४२ मध्ये राजा आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली आणि पुढच्याच वर्षी पार्लमेंटनं राजाच्या बाजूचे पाद्री हुसकायला सुरुवात केली. लॉरेन्सवर आरोप असा ठेवला की हा रोज दारूच्या गुत्त्यात बसतो आणि वर दुसऱ्यांनाही प्यायला लावतो. खरं की खोटं, देव जाणे. त्या काळात राजनिष्ठ पाद्र्याला घालवायचा तर दारुडा ठरवणं सगळ्यात सोपं होतं, एवढं लक्षात ठेवावं. त्याची चांगली गादी गेली, आणि १६५३ च्या जानेवारीत माल्डनमध्ये त्याचं दफन झालं तेव्हा घरात फारसं काही उरलं नव्हतं.

थोरला मुलगा जॉन समुद्रावर गेला. १६५६ च्या सुमारास तो ‘सी हॉर्स’ नावाच्या जहाजावर होता. इंग्लंडातून माल न्यायचा, व्हर्जिनियातून तंबाखू आणायची, असा तो फेरा. परतीच्या वेळी पोटोमॅक नदीत जहाज गाळात रुतलं. ते पुन्हा तरंगलं. जॉन मात्र तिथंच राहिला. एका जमीनदाराच्या मुलीशी, ॲन पोपशी, लग्न केलं आणि सासऱ्याकडून जमीन मिळवली. त्याचा मुलगा लॉरेन्स, लॉरेन्सचा ऑगस्टीन, आणि ऑगस्टीनचा मुलगा जॉर्ज, जन्म १७३२.

राष्ट्राध्यक्षाला आपलं गाव माहीत नव्हतं

जॉर्ज वॉशिंग्टन अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाल्यावर लंडनहून सर आयझॅक हर्ड यांचं पत्र आलं. हर्ड म्हणजे गार्टर किंग ऑफ आर्म्स, इंग्लंडमधल्या कुलचिन्हांचे आणि वंशावळींचे सर्वोच्च अधिकारी. ज्या राजाविरुद्ध वॉशिंग्टन आठ वर्षं लढले, त्याच राजाच्या दरबारचा हा अधिकारी मोठ्या आपुलकीनं विचारत होता: तुमचं मूळ कुठलं? २ मे १७९२ च्या उत्तरात वॉशिंग्टननी कबूल केलं की या विषयाकडे आपण फारसं लक्ष दिलेलं नाही. पूर्वज इंग्लंडच्या उत्तरेकडचे, लँकेशर असेल, यॉर्कशर असेल किंवा त्याहून वरचं काही, एवढंच त्यांनी ऐकलं होतं. कुलचिन्ह मात्र वापरात होतं. पुस्तकांवर चिकटवायच्या चिठ्ठीवर ते छापलेलं असे.

हर्डनी हाती असलेल्या कागदांवरून वंशावळ जुळवली आणि ती चुकली. व्हर्जिनियात आलेले दोघे भाऊ: जॉन आणि लॉरेन्स. सल्ग्रेव्हच्या घराण्यातही जॉन आणि लॉरेन्स असे दोघे भाऊ सापडले. नावं जुळली, काळही साधारण जुळला, म्हणून तेच हे असं ठरवलं. पुढची पाऊणशे वर्षं सगळ्यांनी तीच वंशावळ प्रमाण मानली. मग १८६६ मध्ये लंडनमध्ये राहणारे अमेरिकन संशोधक जोसेफ चेस्टर यांनी दाखवून दिलं की त्यातला जॉन हा ‘सर’ होता आणि लॉरेन्स हा पर्लीचा पाद्री. ते दोघे व्हर्जिनियाला गेलेले असणं शक्य नव्हतं.

बरोबर दुवा सापडायला १८८९ उजाडलं. हेन्री वॉटर्स नावाचे मॅसॅच्युसेट्सचे संशोधक लंडनमध्ये जुनी मृत्युपत्रं चाळत बसत. त्यांना हर्टफर्डशरमधल्या ट्रिंग गावच्या अँड्र्यू नोलिंग नावाच्या माणसाचं मृत्युपत्र मिळालं. त्यात आपला धर्मपुत्र म्हणून लॉरेन्स वॉशिंग्टनचा उल्लेख होता. ट्रिंगच्या चर्चच्या वहीत पर्लीच्या पाद्र्याच्या मुलांचे बाप्तिस्मे होते. पाद्र्याची बायको ॲम्फिलिस वारल्यावर तिच्या मागे राहिलेल्या चीजवस्तूंचा कारभार थोरल्या मुलाकडे, जॉनकडे, सोपवल्याची फेब्रुवारी १६५६ ची नोंद होती. म्हणजे हर्डनी एक पिढीच गाळली होती: व्हर्जिनियाचे जॉन आणि लॉरेन्स हे पाद्री लॉरेन्सचे मुलगे, तो स्वतः नव्हे. एकाच घरात दर पिढीला तीच नावं ठेवली की असं होतं. आजोबांचं नाव नातवाला ठेवणाऱ्या आपल्या घरांच्या वंशावळी काढणाऱ्यांना हे दुखणं वेगळं सांगायला नको.

झेंड्याचंही इथंच उरकून घेतो. अमेरिकेच्या झेंड्यावरचे पट्टे आणि चांदण्या वॉशिंग्टनांच्या ढालीवरून घेतल्या, असं खूप ठिकाणी छापलेलं असतं. १७७७ मध्ये झेंडा ठरला तेव्हाच्या कागदांत याला काही आधार नाही. राजधानीच्या शहराचा स्वतःचा झेंडा मात्र खरोखर ती ढालच आहे. तो १९३८ मध्ये ठरला. सल्ग्रेव्हचं घर ब्रिटन-अमेरिका तहाला शंभर वर्षं झाल्यानिमित्त १९१४ मध्ये वर्गणी काढून विकत घेतलं. मूळ गावातली जुनी हवेली तोवर गरीब भाडेकरूंच्या खोल्या होऊन पडीक झाली होती. गावातल्या एका शिक्षकानं खटपट करून ती वाचवली आणि १९५५ मध्ये ती दुरुस्त होऊन उघडली.

नाव पुढं कुणी नेलं

जॉर्ज वॉशिंग्टनना मूल झालं नाही. त्यांची बायको मार्था हिला पहिल्या नवऱ्यापासून मुलं होती, पण ती कस्टिस आडनावाची. पुतण्यांनी आडनाव चालवलं, तरी अमेरिकेत आज जे वॉशिंग्टन आहेत त्यातले फार थोडे त्या घरातले.

२००० सालच्या अमेरिकन जनगणनेत वॉशिंग्टन आडनावाची १,६३,०३६ माणसं निघाली. त्यातली ९० टक्के कृष्णवर्णीय. सर्रास आढळणाऱ्या आडनावांत एवढं प्रमाण दुसऱ्या कशाचंच नव्हतं. त्याखालोखाल जेफरसन, ७५ टक्के.

पटकन सुचणारं उत्तर असं की हे सगळे वॉशिंग्टनांच्या गुलामांचे वंशज असतील. ते पुरेसं नाही. १७९९ मध्ये जॉर्ज वारले तेव्हा त्यांच्या माउंट व्हर्ननच्या मळ्यावर ३१७ गुलाम होते. त्यातले १२३ त्यांच्या स्वतःच्या मालकीचे. बाकीचे बहुतेक मार्थाच्या पहिल्या नवऱ्याच्या इस्टेटीतले, ज्यांना सोडायचा हक्क जॉर्जना नव्हता. आपले गुलाम मार्थाच्या पश्चात मोकळे करावेत असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं. मार्थानं ते १ जानेवारी १८०१ लाच मोकळे केले. या लोकांपैकी वॉशिंग्टन आडनाव लावणारे फारसे दिसत नाहीत. जॉर्जचा खास हुजऱ्या विल्यम शेवटपर्यंत ली राहिला; ते त्याच्या आधीच्या मालकाच्या घराचं आडनाव. घराण्याच्या इतर शाखांकडेही मळे नि गुलाम होते. माउंट व्हर्ननचा वारस झालेला पुतण्या बुश्रॉड, सुप्रीम कोर्टाचा न्यायाधीश, यानं १८२१ मध्ये ५४ माणसं लुइझियानाला विकली. अशा माणसांबरोबर काही ठिकाणी आडनाव गेलंही असेल, पण लाख-दीड लाखांचा आकडा त्यातून येत नाही.

ज्यानं नक्की लावलं तो हॅरी. जन्म गँबियाच्या बाजूचा. १७६३ मध्ये वॉशिंग्टननी त्याला विकत घेतलं आणि दलदलीत पाणी काढायच्या कामावर जुंपलं. १७७५ च्या नोव्हेंबरात व्हर्जिनियाचा इंग्रज गव्हर्नर डन्मोर यानं जाहीर केलं की बंडखोरांचा जो गुलाम राजाच्या बाजूनं लढेल तो मोकळा. पुढच्या वर्षी हॅरी पळाला. मालक स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या फौजेचा सेनापती, आणि गुलाम स्वातंत्र्यासाठी त्याच्या शत्रूच्या फौजेत.

युद्ध संपल्यावर, मे १७८३ मध्ये, वॉशिंग्टन इंग्रज सेनापती कार्लटनला भेटले आणि पळालेले गुलाम परत मागितले. कार्लटननं नकार दिला. नेतो आहोत त्या सगळ्यांची यादी करतो, पुढंमागं भरपाईचा हिशेब करता येईल, म्हणाला. त्या यादीमुळंच आज आपल्याला कळतं की न्यूयॉर्कहून नोव्हा स्कोशियाला निघालेल्या जहाजावर हॅरी वॉशिंग्टन होता: वय ४३, अंगानं धडधाकट, पूर्वी जनरल वॉशिंग्टन यांची मालमत्ता, सात वर्षांपूर्वी निघून आलेला. विकत घेतलेल्या माणसानं मालकाचं आडनाव स्वतःहून लावलं आणि शत्रूच्या वहीत नोंदवलं. पुढं १७९२ मध्ये तो आफ्रिकेत सिएरा लिओनला गेला. तिथं वसाहत चालवणाऱ्या कंपनीनं जमिनीवर लावलेल्या साऱ्याविरुद्ध १८०० मध्ये उठाव झाला, हॅरी त्यात होता, आणि त्याला हद्दपार केलं गेलं. कराविरुद्ध बंड करणारा वॉशिंग्टन एकच नव्हता!

मोठी भर पडली ती १८६५ नंतर, यादवी युद्ध संपून सगळे गुलाम मोकळे झाल्यावर. आपापसांत अनेकांची आडनावं आधीपासून होती. मालकाच्या वहीत ती कधी आली नाहीत, एवढंच. आता मजुरीचा करार, लग्नाची नोंद, मतदारयादी, शाळा, सगळीकडे पूर्ण नाव लागू लागलं. कुणी आठवणीतल्या जुन्या मालकाचं घेतलं, कुणी मुद्दाम ते टाळलं, आणि कुणी देशात ज्याच्या नावाला मान होता त्याचं घेतलं.

बुकर टी. वॉशिंग्टन यांनी आत्मचरित्रात हा क्षण लिहून ठेवला आहे. १८५६ च्या आसपास व्हर्जिनियात गुलाम म्हणून जन्म. सुटका झाल्यावर वेस्ट व्हर्जिनियात शाळेत गेले तेव्हा हजेरी सुरू झाली. प्रत्येक पोराला दोन-दोन, कुणाला तर तीन नावं! यांना फक्त ‘बुकर’ म्हणत. आपली पाळी यायच्या आत काहीतरी सुचायला हवं होतं. मास्तरांनी विचारलं तसं, जन्मभर हेच नाव असल्यासारखं शांतपणे सांगितलं: बुकर वॉशिंग्टन. सावत्र वडिलांचं पाळण्यातलं नाव वॉशिंग्टन होतं, म्हणून तो शब्द कानावरचा. जन्मल्यावर आईनं टॅलिफेरो असं दुसरं नाव ठेवलं होतं, हे पुढं कळलं. त्याचा मधे ‘टी’ झाला. त्याच पुस्तकात ते सांगतात की मोकळी झालेली माणसं नावात एखादं आद्याक्षर घालायची, त्यापुढं कुठलंच नाव नसलं तरी. रुबाब त्या अक्षराचा.

हे वाचल्यावर ९० टक्क्यांचा आकडा वेगळा दिसतो. त्यातल्या काहींना नाव मालकाकडून आलं, काहींनी राष्ट्रपित्याचं म्हणून घेतलं, काहींनी शेजाऱ्याचं किंवा सावत्र बापाचं. एका घराबद्दल दुसऱ्या घरावरून सांगता येत नाही. जाझ गायिका डायना वॉशिंग्टन तर जन्मानं रूथ जोन्स. रंगमंचासाठी घेतलेलं नाव. आणि १९७५ मध्ये स्वराज्य मिळालेल्या राजधानीचे पहिले निवडून आलेले महापौर होते वॉल्टर वॉशिंग्टन, एका गुलामाचे पणतू. शहराचं नि महापौरांचं आडनाव एकच, पण दोघांकडे ते वेगवेगळ्या दारांनी आलेलं.

आज या आडनावाचा एखादा अमेरिकन आपली मुळं शोधायला बसला की त्याला १८७० ची जनगणना लागते. देशातल्या सगळ्या कृष्णवर्णीयांची नावानिशी नोंद करणारी ती पहिली. त्याआधीच्या १८५० आणि १८६० च्या गुलाम-याद्यांत मालकाचं नाव आहे आणि खाली ओळीनं वय, लिंग आणि रंग. माणसाचं नाव सहसा नाही. इंग्लंडातल्या पाद्र्याच्या बायकोच्या भांड्याकुंड्यांचा कारभार कुणाकडे गेला ते १६५६ च्या कागदावर मिळतं, आणि इथं दोनशे वर्षांनंतरच्या कागदावर माणसाऐवजी ‘पुरुष, २६, काळा’. मग मालकांची मृत्युपत्रं, विक्रीखतं, कर्जाला तारण ठेवलेल्यांच्या याद्या चाळाव्या लागतात. तिथं निदान पहिलं नाव असतं, शेजारी डॉलरमधली किंमत. सगळ्यात उपयोगी पडतात त्या फ्रीडमन्स बँकेच्या वह्या. मोकळ्या झालेल्या लोकांसाठी १८६५ मध्ये ही बँक निघाली. बऱ्याच खातेदारांना सही येत नसे, म्हणून ओळख पटवायला खातं उघडताना आईबापांची, भावंडांची, मुलांची नावं विचारत. काही शाखांत जुना मालक कोण, मळा कुठला, हेही लिहून घेत. १८७४ मध्ये बँक बुडाली आणि हजारोंचे पैसे गेले. वह्या वॉशिंग्टनमधल्या राष्ट्रीय दफ्तरखान्यात आहेत.